पूर्ण नाव, वय, राहणार

सर पेपर शेवटून वाचतात. खेळाच्या पानापासून म्हणाल तर तसं नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी नावांची एक ओळ असते, तिच्यापासून. ती ओळ तुम्ही-आम्ही जन्मात वाचलेली नसते. सर ती रोज वाचतात, आणि भिंग लावून वाचतात. "उद्या पोलीस आले तर कोणाला नेणार, ते आधी कळलेलं बरं," म्हणतात. त्यानंतर जाहीर नोटिसा. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' इथून सुरू होणारा मजकूर वाचताना त्यांचा चेहरा असा काही खुलतो की बघणाऱ्याला वाटावं, लॉटरीचा निकाल बघतायत. कोथरूडातला कुठला फ्लॅट विकला जातोय, कोणाचं शेअर सर्टिफिकेट गहाळ झालंय, कोणत्या वडिलांनी कोणत्या चिरंजीवांशी संबंध तोडलेत, हे सगळं सरांना पहिला चहा संपायच्या आत ठाऊक असतं. पहिल्या पानावर पोचेपर्यंत दुसरा चहा निवलेला असतो आणि हातात लाल पेन आलेलं असतं.

सर म्हणजे पत्रकारितेचे प्राध्यापक. निदान सध्या. काकूंचं म्हणणं असं, की "लग्न ठरलं तेव्हा पत्रकार, मुलीच्या बारशाला वकील, आणि मुलीच्या लग्नपत्रिकेत प्राध्यापक. नवरा बदलावा लागला नाही, तीन मिळाले." काकू बँकेत होत्या. सरांच्या तिन्ही कारकिर्दी त्या बँकेच्या पगारावर उभ्या राहिल्या, हे सर नाकारत नाहीत. फक्त 'पगारावर'च्या जागी ते 'सहकार्याने' असा शब्द सुचवतात.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पत्रकारिता विभागात जा, असे एक सर असतातच. खिशाला दोन पेनं, एक लाल, एक काळं. पूर्वी खांद्याला शबनम असायची. आता कुठल्याशा चर्चासत्रात फुकट मिळालेली लॅपटॉपची बॅग असते, आणि तिच्यात लॅपटॉप सोडून सगळं असतं: कात्रणं, कोर्ट फीचे जुने स्टॅम्प, सुपारीची डबी, तपासून झालेल्या उत्तरपत्रिका आणि न तपासलेल्या उत्तरपत्रिका. खूश असले की विद्यार्थ्याला 'अरे गाढवा' म्हणतात. रागावले की 'आपण' म्हणतात. "आपण ही बातमी शुद्धीत असताना लिहिलीत का?" असं कानावर आलं की वर्गातली मागची दोन बाकं वह्यांत तोंड घालतात.

मी त्यांचा विद्यार्थी, सध्या एका पेपराच्या डेस्कवर. योगायोगाने आता त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. तेव्हा पदवी मिळाली, पण सुटका मिळाली नाही.

सरांची सुरुवात झाली मुद्रितशोधक म्हणून, ऐंशीच्या दशकात. खिळे जाऊन ब्रोमाइडं आली होती आणि जुन्या कंपोझिटरांना नव्या यंत्रासमोर उगाच शरमल्यासारखं होत होतं. पुढे बातमीदार झाले तेव्हा वाट्याला कोर्ट आलं, कारण दुसरं कोणी घेईना. क्राईमला थरार होता, महापालिकेला चहा-भजी, राजकारणाला मान. कोर्टाला नुसती पुढची तारीख. सर मात्र शिवाजीनगरच्या त्या आवारात असे रमले की सुटीच्या दिवशीही पाय तिकडेच वळत. कोर्टाची बातमी न्यायाधीशांकडे नसते, शिरस्तेदाराच्या टेबलावर असते, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात ओळखलं. पट्टेवाल्याची मुलगी कितवीत आहे हे त्यांना पाठ होतं. बोर्डावरचा क्रमांक बघून खटला दुपारी निघणार की तहकूब होणार, हे ते वकिलांच्या आधी सांगत. काही वकील त्यांनाच विचारून घरी जेवायला जायचे म्हणे.

आणि मग ती भानगड झाली. फसवणुकीच्या एका प्रकरणात आरोपपत्र दाखल झालं. सरांनी बातमीत आरोपीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, पत्ता सगळं नीट दिलं होतं. रात्री पान लावताना एक ओळ जास्त होत होती, तेव्हा डेस्कवरच्या कोणीतरी वडिलांचं नाव, वय आणि घरनंबर उडवला. उरलं नाव, आडनाव आणि पेठ. आता पुण्यातल्या पेठेत एका नाव-आडनावाचा एकच इसम राहतो, असं समजायला तो माणूस निदान कऱ्हाडहून तरी आलेला असला पाहिजे. त्याच पेठेत, त्याच नावाचे, एक निवृत्त शिक्षक निघाले. घरात मुलीचा साखरपुडा आठवड्यावर आलेला. व्याह्यांनी पेपर वाचून फोन केला. शिक्षकांनी फोन न करता वकील गाठला. नोटिशीत भरपाईचा जो आकडा होता तो वाचून, सर सांगतात, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविषयी आदर वाटला. आपल्यामुळे कोणाचं एवढं नुकसान होऊ शकतं!

पेपरने पाचव्या पानावर दोन ओळींची दिलगिरी छापली. ती सरांच्या पाकिटात अजून आहे, प्लास्टिकमध्ये घातलेली. नातवाचा फोटो तिच्या मागे आहे. पण खरी हकीगत पुढची. सर स्वतः त्या शिक्षकांच्या घरी गेले, व्याह्यांकडे गेले, कोर्टातून आरोपपत्राची नक्कल काढून ती दोघांना दाखवली. साखरपुडा झाला. सरांना आमंत्रण होतं. गेले, आणि जेवणाच्या पंगतीत मुलाच्या काकांना विचारलं, "आपलं पूर्ण नाव काय? वय? राहणार?"

तेव्हापासून हा मंत्र लागला तो लागलाच. दारावर कुरिअरवाला आला की आधी त्याचं नाव, वय, राहणार. मग पार्सल. वर्गात हजेरी घेताना नुसतं 'हजर' चालत नाही. फोनवर आपण म्हणावं, "सर, मी संदीप," की पलीकडून, "महाराष्ट्रात संदीप किती असतील याची काही कल्पना आहे का?" मुलीने निवडलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला. सरांनी प्रश्न टाकला. त्याने नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, घरनंबर, गल्ली, पेठ, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिनकोड सांगितला. सर उठले, आत गेले आणि काकूंना म्हणाले, "मुलगा उत्तम आहे. पगार तू विचार."

त्या नोटिशीनेच त्यांना कायद्याकडे ढकललं. सकाळी लॉ कॉलेज, दुपारी कोर्ट, रात्री डेस्क, अशी तीन वर्षं काढून एलएलबी केली. घरात विरोध नव्हता असं नाही. पण सरांकडे एक हुकमी एक्का होता, तो म्हणजे टिळक. "टिळकांनी 1879 मध्ये एलएलबी केलं, 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, 1881 मध्ये केसरी. कायदा, शाळा, पेपर. तिन्ही! दोन वर्षांत! मी तर सावकाश चाललोय." यावर काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "टिळक गणित शिकवायचे. तुम्हाला दूधवाल्याचा हिशेब जमत नाही." हा युक्तिवाद सरांना आजवर खोडता आलेला नाही.

पदवी झाली, सनद आली, काळा कोट शिवला. गंमत अशी झाली की पेपरात असताना सगळे त्यांना 'वकीलसाहेब' म्हणत, आणि काळा कोट घालून बार रूममध्ये पाऊल टाकलं की कोणीतरी हमखास ओरडायचं, "पत्रकार आले रे, जपून बोला!" पुढे कॉलेजात गेले तर प्राचार्य पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे प्रॅक्टिकलवाले." जिथे असतील तिथे ते आधीच्या ठिकाणचे. सरांना याचं वाईट वाटतं की कसं, ते मी कधी विचारलं नाही. पण लेटरहेडवर त्यांनी स्वतःच्या नावापुढे काहीच छापलेलं नाही. पूर्ण नाव आहे, पत्ता आहे. वय नाही, एवढीच काय ती सूट.

वकिली काही चालली नाही. कारण साधं होतं. पक्षकार आपली कर्मकहाणी आजोबांच्या वाटणीपासून सांगायला लागला की सर मध्येच थांबवायचे: "थांबा. यात नवीन काय?" दाव्याचा मसुदा लिहिला तर कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सगळं पहिल्याच परिच्छेदात. त्यांचे सिनियर वैतागून म्हणाले, "अहो, हा दावा आहे, बातमी नाही. सगळं वरच ओतलंत तर समोरचा वकील खाली वाचेल कशाला आणि आपण उलटतपासणीला ठेवायचं काय?" उलट त्याच काळात ते सवडीने पेपरासाठी लिहीत, तर त्यांची बातमी 'वादीचे म्हणणे थोडक्यात येणेप्रमाणे' अशी सुरू व्हायची. शहर संपादकाने ती वाचून डोक्याला हात लावला होता.

एक पक्षकार मात्र टिकला. कोकणातला, जमिनीच्या हद्दीचा वाद, पुण्यात भावाशी. फी द्यायला पैसे नव्हते, म्हणून तो दर मे महिन्यात हापूसची पेटी आणून द्यायचा. दावा कित्येक वर्षं चालला. शेवटी दोघा भावांत तडजोड झाली, सरांनी आनंदाने घरी येऊन सांगितलं, आणि काकू म्हणाल्या, "अगदी याच वर्षी मिटायचं होतं का?"

मग शिकवणं. सुरुवात अर्थातच सीएचबीवर. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: तासिका तत्त्वावर शिकवायचं, तासाचे पैसे लावायचे, आणि ते पैसे यायला पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडायचं. सर त्या बिलांचीसुद्धा फाइल करून मागे लागायचे, अर्जावर 'वसुलीकामी' असा विषय लिहून. ऑफिसातल्या क्लार्कने एकदा घाबरून विचारलं होतं, "सर, हे कोर्टात गेलंय का?" पुढे नेट द्यावी लागली. परीक्षा केंद्रावर त्यांचाच जुना विद्यार्थी पर्यवेक्षक म्हणून उभा होता. त्याने ओळखपत्र मागितलं नाही म्हणून सरांनी तिथल्या तिथे त्याला झापलं. पीएच.डी. झाली, पूर्णवेळ नोकरी लागली, आणि बार कौन्सिलचा नियम असा की पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. सनद स्थगित करायला सर स्वतः अर्ज घेऊन गेले. कोट डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवला. तो वर्षातून एकदा निघतो, 'मिरजकर'च्या तासाला.

तो तास पाहिल्याशिवाय सर कळत नाहीत. प्रकरण असं: 1964 मध्ये मुंबई हायकोर्टात 'ब्लिट्झ'चे संपादक करंजिया यांच्याविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराने विनंती केली की माझी साक्ष छापून आली तर धंद्याचं नुकसान होतं. न्यायमूर्ती तारकुंड्यांनी ती साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. ब्लिट्झचे बातमीदार नरेश मिरजकर आणि आणखी काही जण याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेले, आणि 1966 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल देऊन त्यांचं म्हणणं फेटाळलं. सर पहिल्या बाकावरच्या आठ जणांना आठ न्यायमूर्ती करतात. नववे, म्हणजे विरोधात गेलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला, सर स्वतः होतात. दर वर्षी. दुसऱ्या कोणाला ती भूमिका मिळत नाही. काळा कोट चढवून, तो आता पोटावर बसत नसल्यामुळे उघडाच ठेवून, ते बोलायला लागतात की बाहेरून जाणारा शिपाईसुद्धा खिडकीशी थांबतो. "बातमीदार हरला," शेवटी म्हणतात, "पण नऊ न्यायमूर्ती बसवावे लागले. आपल्यासाठी होस्टेलचा रेक्टरसुद्धा बसत नाही."

पुण्यातल्या मुलांसाठी खास ठेवणीतला खटला म्हणजे 'सकाळ'चा. पेपरची किंमत किती तर पानं किती, हे सरकारने ठरवायचं, असा 1956 चा एक कायदा होता. बुधवार पेठेतला सकाळ त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला आणि 1961 मध्ये जिंकला. पानं बांधली म्हणजे अभिव्यक्तीच बांधली, असं कोर्टाने सांगितलं. सरांचं भाष्य: "थोडक्यात, त्याच पैशात जास्त पानं मागण्याचा पुणेकराचा हक्क घटनेत आहे." मुलं हसतात. परीक्षेत एकाने हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं, आणि सरांनी मार्क द्यावेत की कापावेत यावर दोन दिवस घालवले.

तळाच्या त्या बारीक ओळीवर तर त्यांचं वेगळं व्याख्यान आहे. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, चालवणारे डॉ. आंबेडकर, पण संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. का? कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे सरकारी नोकरीत. "एक ओळ नीट वाचली की माणसाची सगळी अडचण कळते," सर म्हणतात. पुढे बाबासाहेब बॅरिस्टर झाले, गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्यही झाले. ही वाट सांगताना सर टिळकांच्या वेळी करतात तशी स्वतःशी तुलना करत नाहीत. आवाजही थोडा खाली येतो.

टिळकांचं मात्र सगळं सांगतात, अडचणीचंसुद्धा. 1882 चं कोल्हापूर प्रकरण. कारभारी बर्व्यांच्या नावची पत्रं छापली, ती बनावट निघाली, टिळक-आगरकरांनी माफी मागितली तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. "लक्षात घ्या, एकजण एलएलबी, दुसरा एम.ए. त्यांना हातात धरलेला कागद ओळखता आला नाही. आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट पान एकवर लावता!" हे 'आपण' वर्गातल्या कोणालाही उद्देशून नसतं. ते मला उद्देशून असतं, मी वर्गात नसतानाही.

वर्गात टेबलावर एक पत्र्याचा डबा असतो, वर लिहिलेलं: खळबळ निधी. बातमीत 'परिसरात खळबळ उडाली' लिहिलं की पाच रुपये. 'हळहळ व्यक्त होत आहे'ला पाच रुपये. कोर्टाने 'ताशेरे ओढले' किंवा 'खडे बोल सुनावले' तर दहा, कारण त्यात न्यायालयही गोवलं गेलं. जिल्हा कोर्टातल्या न्यायाधीशाला 'न्यायमूर्ती' केलं तर वीस. "आपण बढत्या कधीपासून द्यायला लागलात?" एका मुलीने प्रामाणिकपणे विचारलं, "पण सर, खरंच हळहळ व्यक्त होत असेल तर?" सर म्हणाले, "मग कोणी व्यक्त केली ते लिही. पूर्ण नाव, वय, राहणार." वर्षाअखेर त्या डब्यातून सगळ्या वर्गाला मिसळ मिळते. ज्या वर्षी वर्ग हुशार असतो त्या वर्षी मिसळीबरोबर पाव कमी येतात.

आणि 'कथित'. हा शब्द सरांच्या जिभेवर इतका मुरलाय की घरातही सुटत नाही. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांच्याच बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. वरचा फ्लॅट 402, सरांचा 302. सरांनी आधी जाहीर केलं की या प्रकरणात माझे हितसंबंध आहेत, सबब नोटीस मी काढणार नाही. मग मला बोलावून शेजारी बसवलं आणि शब्दन् शब्द सांगून माझ्याकडून लिहून घेतली. 'फ्लॅट क्र. 402 मधून फ्लॅट क्र. 302 मध्ये होत असलेल्या कथित गळतीसंदर्भात...' आम्ही बाथरूमच्या दारात उभे होतो. खाली निळी बादली, त्यात थेंब पडत होता, आणि तो थेंब जिथून सुटत होता तिथे गिलाव्याचा पोपडा फुगून तपकिरी झाला होता. काकू पुसायचं फडकं घेऊन मागे आल्या. "कथित कशाला? पडतंय की समोर!"

"पाणी पडतंय हे सिद्ध आहे. ते 402 मधून येतंय हे सिद्ध व्हायचंय," सर म्हणाले. "पाइप सामाईकही असू शकतो."

"आणि बादली भरली ती?"

"ती वस्तुस्थिती."

"मग ती वस्तुस्थिती ओतून या."

सर बादली ओतून आले. नोटिशीत 'कथित' राहिला. प्लंबरने भिंत फोडली तेव्हा पाइप खरोखरच सामाईक निघाला. त्यानंतर सर महिनाभर जिन्यात भेटले की नुसते हसायचे, बोलायचे काही नाहीत. 402 वाल्यांनी दिवाळीला घरचे अनारसे पाठवले.

302 नंबरचा फ्लॅट त्यांनी मुद्दाम घेतला होता, ही इमारतीत दंतकथा आहे. खुनाचं कलम दारावर असलं की विक्रेते बेल वाजवत नाहीत, असं ते सांगत. आणि मग 1 जुलै 2024 उजाडला. 1860 ची दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. खून 302 वरून 103 वर गेला, फसवणूक 420 वरून 318 वर, आणि सरांचं अन्नदाते कलम, अब्रुनुकसानीचं 499-500, एकत्र होऊन 356 झालं. त्या आठवड्यात सर पायाखालची फरशी कोणी बदलल्यासारखे चालत होते. पिवळ्या पडलेल्या नोट्स बाहेर काढल्या, रात्र रात्र बसून नवे आकडे घातले, जुने मात्र खोडले नाहीत, शेजारी कंसात ठेवले. "अहो, एखाद्याला चारसोबीस म्हणायची सोय गेली," ते हळहळले. (पाच रुपये.) पण नव्या कलमात अब्रुनुकसानीला कैद किंवा दंडाशिवाय समाजसेवेची शिक्षाही आहे, हे वाचल्यावर त्यांची कळी खुलली. कोणता संपादक सारसबागेत झाडू मारताना कसा दिसेल, याची त्यांनी मनातल्या मनात यादी केली असावी, कारण मध्येच खुदकन हसत होते. आणि नव्या संहितेत 302 म्हणजे काय? मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं. सर रोज सकाळी काकूंच्या पूजेच्या वेळी मोठ्याने न्यायनिवाडे वाचतात. काकू म्हणाल्या, "आता कुठे घराला बरोबर नंबर मिळाला."

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, माणूस नुसता छळवादी. आम्हालाही शिकताना वाटायचं. पण रात्री अकराला, पान सोडायची वेळ झालेली, हातात एक अडचणीची बातमी, आणि कायदेशीर सल्लागाराचा फोन बंद. अशा वेळी मराठी पेपरांच्या किती डेस्कांवरून सरांचा नंबर फिरवला जातो, याची मोजदाद नाही. सर पहिल्या रिंगला उचलतात. झोपलेत असं कधी आवाजावरून कळत नाही.

मीही केला होता. तालुक्याच्या गावातली, अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी. बातमीदाराने मुलीचं नाव टाकलेलं नव्हतं, त्यामुळे तो निर्धास्त होता. मी वाचून दाखवली. नेहमीचा मंत्र येईल म्हणून मी तयारीत होतो. सर म्हणाले, "गाव काढ."

"सर, गाव नाही तर बातमीत उरतं काय?"

"शाळा लिहिली आहे का? ती काढ. कितवीत आहे ते काढ. आरोपी तिचा कोण?"

"मामा."

"मग नातं ठेवायचं असेल तर मामाचं नाव काढ, नाव ठेवायचं असेल तर नातं काढ. दोन्ही एकत्र छापलंस की तिचंच नाव छापलंस. पोक्सोचं कलम 23 काढून वाच. नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही नको." मग जरा थांबून, "गावात शाळा एकच असते रे गाढवा. घरं मोजकी असतात."

बातमी चार ओळींची झाली. खाली जागा उरली तिथे आम्ही हवामानाचा अंदाज लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटले तेव्हा पेपर हातात होता. त्या चार ओळींवर लाल पेनाची एकही खूण नव्हती. हवामानाच्या अंदाजात मात्र 'तुरळक'चा रफार चुकला आहे का, यावरून वाद घालायला ते तयार होते. त्या शब्दाला रफारच नाही हे मी सांगितल्यावर म्हणाले, "तेच. तुम्ही लोकांनी दिला होता."

परवाच्या 6 जानेवारीला, पत्रकार दिनाला, एका संस्थेने सरांचा सत्कार केला. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये त्या तारखेला 'दर्पण' काढला, हे सूत्रसंचालकाने तीन वेळा सांगितलं, तीनही वेळा वेगळं साल सांगून. सर व्यासपीठावर बसून बोटांवर काहीतरी मोजत होते. मग मानपत्राचं वाचन झालं. 'ज्येष्ठ पत्रकार, ज्येष्ठ विधिज्ञ आणि ज्येष्ठ प्राध्यापक' अशी सुरुवात, आणि पुढे, 'ज्यांच्या लेखणीने समाजात खळबळ उडवून दिली'. तिसऱ्या रांगेतून आम्ही आठ-दहा जुने विद्यार्थी एका सुरात "पाच रुपये!" म्हणालो. अध्यक्षांना वाटलं, घोषणा आहे. त्यांनी हात जोडले.

सत्काराला उत्तर देताना सरांनी आभार मानले आणि मानपत्र वाचण्यासाठी म्हणून हातात घेतलं. दोन मिनिटांनी लाल पेन निघालं. फ्रेमच्या काचेवर ते उमटेना, म्हणून त्यांनी दुरुस्त्या तोंडी सांगितल्या. एक, ज्येष्ठ तीनदा नको, वय एकच आहे. दोन, सनद स्थगित असल्याने विधिज्ञ हा शब्द दिशाभूल करणारा ठरेल. तीन, खळबळीचा पुरावा नाही. चार, नावात वडिलांचं नाव नाही, आणि या नाव-आडनावाचे कोथरूडात आणखी दोघे राहतात. त्यांनी उद्या हे मानपत्र मागितलं तर?

मानपत्र दुरुस्तीसाठी परत गेलं. संस्थेचे चिटणीस आता सरांचा फोन आला की मीटिंगमध्ये असतात. काकूंनी भिंतीला ठोकलेल्या खिळ्यावर कालनिर्णय लावलं. मी एकदा विचारलं तर सर म्हणाले, "प्रकरण प्रलंबित आहे, भाष्य करणं उचित नाही." आतून काकूंचा आवाज आला, "शालीवर काही छापलेलं नव्हतं, म्हणून ती तरी घरात राहिली."